गवताच्या मापाची उडी

श्रावणातली ढगाळ सकाळ. बार्शीटाकळीकडची बरड जमीन. गवतातून एकदम एक काळी मान वर येते, पंखांची क्षणभर फडफड होते, पाय पोटाशी दुमडलेले, डोकं पाठीकडे ओढलेलं. आणि दगड टाकावा तसा पक्षी पुन्हा गवतात पडतो. शेजारच्याला ‘ते बघ’ म्हणेपर्यंत माळ होता तसा झालेला असतो. तणमोराची पहिली उडी बहुधा हुकतेच. पण घाई नसावी. तो पुन्हा उठणार आहे, आणि त्याच जागेवरून.

आधी कान लावावा. उडीबरोबर एक कोरडी टरटर येते. पावसाळ्यात ती बेडकाची वाटली तर नवल नाही. नंतर रूप. विणीच्या नराची मान, छाती, पोट काळं. पंखावर पांढरा पट्टा. कानामागून निघून वर वळलेले चार-सहा बारीक तुरे, प्रत्येकाचं टोक चमच्यासारखं पसरट. हा सगळा साज फक्त पावसाळ्यापुरता. माळढोक याच कुळातला, पण त्याचा नर मादीहून कितीतरी थोराड. इथे उलट, नर अर्ध्या किलोच्या आसपास आणि मादी त्याहून भारी. दिवसाला पाचशेपर्यंत उड्या मोजल्या गेल्या आहेत. एवढं उसळायचं तर अंग हलकंच बरं.

आता खरी गंमत. उडी दीड-दोन मीटर, म्हणजे पुरुषभर. एवढीच का? कारण गवत तेवढ्याला पुरतं. नराला दूरवरच्या मादीला दिसायचंय आणि मादीला तर कोणालाच दिसायचं नाहीये. ती जमिनीवर अंडी घालते आणि एकटीच उबवते. गवत कंबरेच्या वर माजलं तर त्याची उडी बुडते, ढोरांनी चरून खुरटं केलं तर तिचं घरटं उघडं पडतं. या दोन टोकांच्या मधे जी उंची उरते तिच्यावर हे सगळं नृत्य उभं आहे. म्हणून मला ही उडी पक्ष्याइतकीच गवताची वाटते.

गवतही नीट बघण्यासारखं आहे. पवन्या, मारवेल, मधूनच वासाची तिखाडी, आणि ज्याला सगळे शिव्या देतात ते कुसळ. धोतराला, पायजम्याला चिकटणाऱ्या त्या बियांची शेपटी पिळदार असते. ओल लागली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि या उलटसुलट फिरण्यात बी गिरमिटासारखं मातीत शिरतं. खाली वीतभर माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. एवढ्याशा मातीला मुळांच्या जाळ्यानं धरून ठेवायचं आणि आलेला पाऊस अडखळत, जिरत पुढे जाऊ द्यायचा, हे काम हे गवत बिनबोभाट करतं. याच बार्शीटाकळी तालुक्यात महानला काटेपूर्णेचं धरण आहे. अकोला शहर त्याचं पाणी पितं. माळावरून सुटलेली माती शेवटी कुठल्या ना कुठल्या तळ्यातच जाऊन बसते.

सरकारी कागदात मात्र असा माळ म्हणजे पडीक. वऱ्हाडात त्याला ‘ई-क्लास’ म्हणतात, आणि त्या शब्दाबरोबर एक हात झटकणंही येतं. रिकामी जागा दिसली की समतल चर खणायचे, त्यात रोपं लावायची. जलसंधारण झालं, वनीकरण झालं, फोटोही झाला. उघड्या, धुपलेल्या उतारावर चर हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण जिथे गवतानं माती आधीच धरली आहे तिथे तो खणणं म्हणजे गाणाऱ्याच्या तोंडासमोर ढोल बडवणं. पुढे झाडं वाढतात, सावलीत गवत विरळ होतं, फांद्यांवर शिकरे येऊन बसतात. तणमोर काही तक्रार करत नाही, पुढच्या पावसाळ्यात येत नाही इतकंच.

माळ उतरून खाली आलं की धुऱ्यापलीकडे सोयाबीन लागतं. तिथली एक युक्ती मला त्या चरांपेक्षा जास्त आवडते: शेवटच्या डवरणीला, म्हणजे कोळपणीला, डवऱ्याला दोरी गुंडाळायची, की तासांमधली माती बाजूला सरून सरी पडते. खर्च दोरीचा. जोराचा पाऊस सरीत थांबतो, उघडीप पडली तर पिकाला ओल मिळते. तणमोर अशा पिकांतही शिरतो, म्हणून ही शेतंही त्याच्या माळाचाच भाग समजायला हवीत.

या उडीचे सर्वांत जुने जाणकार फासेपारधी. नर रोज त्याच जागी उतरतो, पायांनी तिथलं गवत चेपतो. ती जागा ज्याला शोधता आली त्याला फासा कुठे लावायचा हे विचारावं लागत नसे. शिकवलेल्या ढोराच्या आडून चालत जाणं, पाळलेल्या तित्तराला बोलतं करून रानातला तित्तर बोलावणं, ही सगळी विद्या बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर होती. ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला, गावांच्या मनातून तितका नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद केली, पण पोटाचं काय ते त्यात लिहिलेलं नव्हतं. कारंज्याच्या ‘संवेदना’ या संस्थेनं अकोला-वाशीमच्या बेड्यांवर ज्या कामाला हात घातला त्याचं मर्म इथे आहे: वडाळ्यासारख्या ठिकाणी पारध्यांनीच माळ राखायला घेतला. चराई कुठे थांबवायची, गवत कधी कापायचं, हे ठरवायला बाहेरचा माणूस लागला नाही. चेपलेली जागा ओळखणारा डोळा तोच राहिला. फक्त आता तिथे फासा लावायचा नसतो, नर मोजायचा असतो.

मोजायला फार उरलेलेही नाहीत. २०१८ च्या सुमाराच्या पाहणीत देशभरात सातशेहून कमी तणमोर असल्याचा अंदाज निघाला, आणि २०२१ साली त्याची गणना अतिसंकटग्रस्तांत झाली.

पाऊस ओसरला की नराचा काळा रंग उतरतो, तुरे गळतात, तो गवताच्याच रंगाचा होतो आणि एके दिवशी निघून जातो. दिवाळीनंतर विळे घेऊन बाया माळावर येतात. तोवर पिल्लं पायावर उभी राहून गेलेली असतात. कापता कापता मधेच एखादी हातभर जागा लागते, जिथलं गवत चेपून आडवं झालेलं असतं. विळा तिथे पोहोचतो आणि तसाच पुढे सरकतो. त्या जागेवर कापण्यासारखं काही नसतं.