कॅलरीचा आकडा येतो कुठून? सातारा-सांगलीच्या भावी संशोधकांसाठी एक झडती

समजा तुम्ही पुरुष आहात, वय २५, वजन ७० किलो, उंची १७० सेंटिमीटर. मोबाइलवरच्या ॲपमध्ये एवढं भरलं, 'मध्यम हालचाल' निवडली, की आकडा येतो: रोजचा खर्च २,५४६ कॅलरी. खाली सल्लाही असतो, यातून ५०० वजा करा आणि तेवढंच खा, वजन उतरेल.

आकडा इतका नेटका की कोणीतरी मोजूनच दिलाय असं वाटावं. प्रत्यक्षात कोणी काहीच मोजलेलं नसतं. तुमच्यापैकी कित्येकजण शारीरिक शिक्षण, गृहविज्ञान किंवा आहारशास्त्रात पीएच.डी.ची तयारी करताय, आणि 'महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा ऊर्जाखर्च व आहार' या धर्तीचे विषय सिनॉप्सिसमध्ये हमखास दिसतात. म्हणून आज या आकड्याची नीट झडती घेऊ. (बोलताना आपण जिला कॅलरी म्हणतो ती शास्त्रातली किलोकॅलरी. इथेही तसंच धरा.)

आकड्याच्या पोटात काय आहे?

दोन गोष्टींचा गुणाकार. पहिली, नुसतं पडून राहिलात तरी शरीर चालवायला दिवसभरात लागणारी ऊर्जा, म्हणजे बीएमआर. दुसरी, हालचालीचा गुणक: बैठं काम १.२, हलका व्यायाम १.३७५, मध्यम १.५५, असे. वरचा आकडा म्हणजे १,६४२.५ गुणिले १.५५.

आता प्रत्येकाला विचारा, तू कुठून आलास?

बीएमआरचं सगळ्यात जुनं प्रसिद्ध सूत्र हॅरिस आणि बेनेडिक्ट यांचं, १९१९ सालचं. ते अमेरिकेतल्या १३६ पुरुष आणि १०३ स्त्रियांच्या मोजमापांवरून काढलं. ॲपवाले बहुतेकदा वापरतात ते मिफ्लिन आणि सहकाऱ्यांचं, १९९० चं, ४९८ जणांवरचं. तेही अमेरिकेतलेच. १९८५ ला जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेने मिळून जी सूत्रं दिली, त्यांच्यामागची आकडेवारी जगभरातून गोळा केलेली होती खरी, पण त्यातली जवळपास निम्मी मोजमापं इटालियन लोकांची होती. इटलीचा सैनिक आणि तासगावच्या द्राक्षबागेतला गडी एकाच सूत्रात बसतो का, हा प्रश्न पुढे संशोधकांनीच विचारला. उत्तर आलं की भारतीयांचा बीएमआर या सूत्राने जास्त येतो.

किती जास्त? इथे खरी गंमत आहे.

उलटं गणित करून बघा

आपल्या देशाचे अधिकृत आकडे आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था देते. २०१० च्या अहवालात बैठं काम करणाऱ्या ६० किलोच्या पुरुषाला रोज २,३२० कॅलरी धरल्या होत्या. २०२० च्या अहवालात संदर्भ-पुरुषाचं वजन वाढून ६५ किलो झालं, आणि त्याच्या कॅलरी घटून २,११० झाल्या. माणूस ५ किलोने वाढला आणि गरज २१० ने कमी झाली! दहा वर्षांत भारतीय पुरुषाच्या शरीरात असं काय झालं?

काहीच नाही. कागद घ्या. २०१० चा हालचाल-गुणक १.५३ होता. २,३२० भागिले १.५३ म्हणजे बीएमआर १,५१६. आता १९८५ चं जागतिक सूत्र (१५.३ × वजन + ६७९) ६० किलोला लावा, येतात १,५९७. म्हणजे त्यातून साधारण ५ टक्के कापलेत. २०२० चा गुणक १.४ आहे. २,११० भागिले १.४ म्हणजे १,५०७. जागतिक सूत्राने ६५ किलोला येतात १,६७४. इथे कापलेत १० टक्के. शरीर तेच, दुरुस्ती बदलली आणि गुणक बदलला.

याला मी अहवालाची चूक म्हणत नाही. नवा पुरावा आला की आकडा बदलावा, ते शास्त्राचं कामच आहे. पण ज्या आकड्याला देशातली सर्वोच्च संस्था दहा वर्षांत इतकं हलवते, तो आकडा ॲप तुम्हाला एकेका कॅलरीपर्यंत सांगतं, तेव्हा तुम्ही सावध व्हायला पाहिजे.

५०० ची तूट कुठे जाते?

आता परत आपल्या ७० किलोच्या मित्राकडे या. जागतिक सूत्र आणि १.५५ चा गुणक घेतला तर खर्च येतो २,७१२. तेच सूत्र १० टक्के कापून १.४ ने गुणलं तर २,२०५. फरक ५०७ कॅलरींचा! ज्या ५०० च्या तुटीवर सगळा डाएट उभा आहे, ती अख्खी या फरकात बुडाली. 'मी मोजून खातो तरी वजन उतरत नाही' म्हणणाऱ्याला आपण आळशी ठरवतो. त्याची तूट मुळात अस्तित्वातच नसेल, ही शक्यता आपण तपासतच नाही. उलटही होतं. एखादी मुलगी ॲपने दिलेल्या १,२०० कॅलरींवर महिनोन्‌महिने राहते, चक्कर येते, पाळी बिघडते, तरी आकड्यावरचा विश्वास ढळत नाही.

आणखी एक मेख. या सूत्रांत फक्त वजन, उंची, वय आणि लिंग असतं. शरीर कशाचं बनलंय, हे त्यांना दिसत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. विश्रांतीतही चरबीपेक्षा स्नायू जास्त ऊर्जा वापरतात. तालमीत घाम गाळणारा पैलवान आणि त्याच वजनाचा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा पोरगा, सूत्राला दोघेही एकच.

व्यायामाचा हिशेब

साताऱ्यात रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाणारे खूप आहेत. समजा तुम्ही ३०० मीटर उंची चढलात. ७० किलो वजन तेवढं वर नेण्याचं भौतिकशास्त्रातलं काम सुमारे ४९ कॅलरींचं. स्नायूंची कार्यक्षमता २५ टक्के धरली तर नुसत्या चढाचा खर्च साधारण २०० कॅलरी. आता पाच कप चहा, दर कपात दोन चमचे म्हणजे १० ग्रॅम साखर: ५० ग्रॅम, २०० कॅलरी. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे गणित पाठच करावं. फिरणं हृदयाला, साखरेला, झोपेला चांगलंच आहे, ते सोडू नका. पण वजनाचा मोठा हिशेब ताटात होतो.

इथे दोन चुका नेहमी दिसतात. पहिली, गुणकात व्यायाम आधीच धरलेला असताना घड्याळाने दाखवलेल्या कॅलरी परत वर मिळवणं. दुसरी, घड्याळावरच विश्वास ठेवणं. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने ६० जणांवर सात मनगटी उपकरणं तपासली. कॅलरीच्या बाबतीत सगळ्यात बऱ्या उपकरणाची चूकसुद्धा २७ टक्के होती, सगळ्यात वाईटाची ९३.

'७,७०० कॅलरी म्हणजे एक किलो' हेही जपूनच वापरा. रोज ५०० ची तूट वर्षभर ठेवली तर या हिशेबाने जवळपास २४ किलो उतरायला हवेत, म्हणजे आपला मित्र ४६ किलोवर येईल. तसं होत नाही, कारण वजन उतरलं की खर्चही उतरतो. हा नियम थोड्या आठवड्यांपुरता ठीक आहे.

मग करायचं काय?

सूत्र फेकून देऊ नका. ते सुरुवातीचा अंदाज म्हणून वापरा आणि मग स्वतःवर जुळवून घ्या. चार आठवडे रोज सकाळी, पोट साफ झाल्यावर, वजन लिहा. खाल्लेलंही लिहा: भाकरी मोजण्यापेक्षा कोरडं पीठ तोला, तेलाचा चमचा ठरवून घ्या. आठवड्याची सरासरी काढा, कारण एका दिवसाचं वजन हा पाण्याचा खेळ असतो. पहिल्या आठवड्याची सरासरी ७०.०, चौथ्याची ६९.४ आणि वहीतलं खाणं रोज २,१०० असेल, तर ०.६ × ७,७०० = ४,६२०, भागिले २१ दिवस = २२०. तुमचा खर्च २,३२०.

'पण लोक खाल्लेलं कमीच लिहितात ना?' बरोबर. १९९२ च्या एका गाजलेल्या अमेरिकन अभ्यासात दहा जणांनी आपलं खाणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितलं होतं. पण तुम्ही दररोज सारख्याच प्रमाणात कमी लिहीत असाल, तर २,३२० हा आकडा खरा नसला तरी तुमच्या वहीपुरता उपयोगी ठरतो. त्या वहीतले २०० कमी केले की खाणं खरोखरच कमी होतं. ठरावीक दिशेची चूक आणि कशीही हेलकावणारी चूक यांतला फरक संशोधन पद्धतीच्या पेपरात तुम्ही व्याख्या म्हणून पाठ करता. तो असा दिसतो. (मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणं कमी करू नका.)

आणि प्रबंधासाठी? ऊर्जाखर्च खरोखर मोजायचा तर दुहेरी खूण असलेलं पाणी पाजून लघवीचे नमुने तपासावे लागतात, ते महाग आहे. तुमच्याकडे सूत्रच असेल तर काही बिघडत नाही. फक्त कोणतं सूत्र, कोणत्या लोकांवरून काढलेलं, कोणता गुणक आणि का, हे लिहा. दुसऱ्या सूत्राने निष्कर्ष बदलतो का, तेही तपासून दाखवा. आणि सिनॉप्सिसमधलं 'ऊर्जाखर्च मोजला जाईल' हे वाक्य आजच खोडून 'अंदाजला जाईल' असं करा. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येतो.