साखरखेर्डा : साक्ष आणि निवेदन

प्रत्यक्षदर्शीची साक्ष हे युद्धेतिहासाचे सर्वांत विश्वसनीय साधन होय, हे गृहीतक बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्ड्याच्या संदर्भात तपासून पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर 1724 मध्ये येथे झालेली लढाई ही मोगल सत्तेतील यादवी होती. हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान बादशहा महंमदशहाच्या संमतीने निजामुल्मुल्कावर चालून गेला आणि रणात पडला. बंडखोर कोणाला म्हणावयाचे, याचा निवाडा मात्र भाषेने नंतर केला. 1725 मध्ये त्याच बादशहाने विजेत्याला ‘आसफजाह’ हा किताब दिला; गावाला ‘फत्तेखेर्डा’ हे नाव मिळाले.

निजामाच्या सेवेत राहिलेल्या खाफीखानाची फारसी तवारीख वाचताना हा निवाडा विसरता येत नाही. निवेदकाचे स्थान संहितेत आधीच शिरलेले असते. यावर सैनिकाची साक्ष हा उतारा ठरेल काय? पानिपतचा साक्षीदार काशीराज शुजाउद्दौल्याच्या पदरी होता आणि त्याने आपला वृत्तांत 1780 च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ दोन दशकांनी लिहिला. डोळ्यांनी पाहिलेलेही निष्ठा आणि स्मृती यांच्या गाळणीतूनच शब्दांत उतरते.

म्हणून साक्ष त्याज्य ठरत नाही. ती पुरावा असतेच, शिवाय एक रचनाही असते, एवढेच. समीक्षेने तिच्यातील तपशिलाबरोबर तिच्यातील मौनही वाचले पाहिजे. साखरखेर्ड्यात कोणत्याही तवारिखेइतकेच बोलके आहे ते गावाचे नाव. विजेत्याने दिलेले ‘फत्तेखेर्डा’ कागदात राहिले. लोकांच्या तोंडी मात्र साखरखेर्डाच टिकले.