केशवसुत : शिक्षकी पेशा आणि काव्यरूप

ठाणे-कल्याण-डोंबिवली परिसरातील काव्यसंमेलनांत शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या, कविता लिहिणाऱ्या, चित्रे काढणाऱ्या शिक्षकाची ओळख बहुधा 'नोकरी सांभाळून' लिहिणारा अशी करून दिली जाते. ही दृष्टी जुनी आहे. केशवसुतांच्या (१८६६-१९०५) चरित्रातही मुंबई, भडगाव, फैजपूर, धारवाड येथील शिक्षकी नोकरी केवळ विवंचनेच्या संदर्भात येते. इंग्रजी काव्याच्या प्रभावाचा विचार मात्र स्वतंत्रपणे होतो. या दोन बाबी एकत्र वाचावयास हव्यात, असे प्रस्तुत टिपणाचे प्रतिपादन आहे.

इंग्रजी शाळेतील शिक्षक दोन भाषांच्या सीमेवर उभा असतो. अपरिचित गोष्ट परिचिताच्या आधारे समजावणे, हे त्याचे नित्यकर्म. केशवसुतांनी १८९२ मध्ये 'मयूरासन आणि ताजमहाल' लिहून सॉनेट मराठीत आणले, त्याला 'चतुर्दशक' म्हटले. 'आम्ही कोण?' (१९०१) या सुनीताचा घाट परका, पण वृत्त शार्दूलविक्रीडित, म्हणजे मराठी वाचकाच्या कानांत मुरलेले. ही अध्यापनाचीच रीत होय. तुटपुंज्या वेतनावरील शिक्षकाने कवीच्या निर्माणशक्तीचा एवढा मोठा दावा याच रूपात मांडावा, हे लक्षणीय आहे.

अर्थात, पेशाने सारेच उलगडत नाही. 'सतारीचे बोल'मध्ये उद्विग्न मनाला शांतवणारे सूर कोणत्याही विवरणावाचून पोहोचतात. शिकवण्याची मर्यादा तेथे दिसते.

सारांश, शिक्षक-कवीचे मूल्यमापन करताना त्याचा वर्ग वगळणे, म्हणजे त्याच्या काव्यरूपाचा एक उगमच वगळणे होय.