‘कानसेन’ घडविणारी संस्था : गांधर्व महाविद्यालय आणि राष्ट्रीय सांस्कृतिक जीवन

पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. या घटनेचा उल्लेख मराठीतील संगीतविषयक लेखनात बहुधा गौरवाच्या सुरात होतो आणि ‘भारतातील पहिले संगीतविद्यालय’ हे विशेषण त्याला सहजपणे जोडले जाते. हे विशेषण काटेकोरपणे पाहता टिकणारे नाही. पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज निघाला होता. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांची गायनशाळा १८८६ पासून चालू होती आणि तेथे स्वरलेखनाचाही उपयोग होत असे. लाहोरच्या विद्यालयाचे वेगळेपण अनुक्रमात नाही, ते त्याच्या अर्थव्यवहारात आहे. बडोद्याची शाळा संस्थानच्या तिजोरीवर उभी होती. लाहोरचे विद्यालय विद्यार्थ्यांचे शुल्क, जाहीर जलशांचे उत्पन्न आणि लोकांच्या देणग्या यांवर उभे राहिले. मिरजेच्या दरबारी आश्रयाखाली बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या गायकाने राजाश्रयाविना संगीत चालवून दाखविण्याचा घाट घातला, हे या घटनेचे खरे मर्म होय.

लोकाश्रयावर संस्था चालवायची तर प्रथम तसा ‘लोक’ घडवावा लागतो. आपल्याला तानसेन नव्हे, कानसेन घडवायचे आहेत, असे विष्णु दिगंबरांचे म्हणणे असल्याचे परंपरेने सांगितले जाते. या उद्गाराकडे विनयाचे वचन म्हणून पाहण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात तो विद्यालयाचा शैक्षणिक कार्यक्रमच होता. युरोपातील संगीतविद्यालयांशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. नेपल्समधील ‘कॉन्सर्वातोरिओ’ मुळात अनाथाश्रम होते. तेथील मुलांना संगीत शिकवून चर्च व रंगभूमी यांसाठी तयार केले जाई. १७९५ मध्ये स्थापन झालेले पॅरिसचे विद्यालय तर राज्याचेच. त्याच्या पदवीधरांना सामावून घेण्यास ऑपेरा आणि वाद्यवृंद सिद्ध होते. लाहोर किंवा मुंबई येथे असे काहीही नव्हते. गायकांना पोसणाऱ्या संगीत नाटकमंडळ्या महाराष्ट्रात होत्या खऱ्या, पण त्यांची निवड आवाज आणि रूप पाहून होई, प्रमाणपत्र पाहून नव्हे. म्हणजे विद्यालयातून बाहेर पडणाऱ्यास खात्रीचा असा एकच व्यवसाय उरला. तो स्वतः शिक्षक होण्याचा.

ही मर्यादा संस्थापकास ठाऊक असावी, असे विद्यालयाच्या रचनेवरून दिसते. तेथे दोन प्रकारचे शिक्षण एकाच छपराखाली चालत होते. शुल्क देऊन ठराविक तासांना येणारे विद्यार्थी, त्यांच्यासाठी क्रमिक पुस्तके, स्वरलेखन आणि परीक्षा, हा एक प्रकार. दुसरा उपदेशक वर्ग. त्यात दीर्घ मुदतीच्या करारावर गुरुगृही राहणारे, अन्नवस्त्र संस्थेकडून मिळणारे, पहाटेपासून रियाज करणारे मोजके शिष्य असत. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास ही ज्यांच्यामुळे विद्यालयाचे नाव गाजले ती मंडळी अशा निवासी तालमीतून तयार झाली. थोडक्यात, विद्यालयाने श्रोते नव्या पद्धतीने घडविले आणि कलावंत जुन्याच पद्धतीने. विद्यालयाच्या यशाचे श्रेय क्रमिक पुस्तकांना देणारे चरित्रकार या भेदाकडे दुर्लक्ष करतात.

उपदेशक हा शब्दही अर्थपूर्ण आहे. संगीताचा प्रचारक देशभर पाठवावा ही त्यामागील कल्पना होती आणि ती सर्वाधिक फलद्रूप झाली ती मैफलीबाहेर. नारायण मोरेश्वर खरे हे विष्णु दिगंबरांचे शिष्य साबरमतीच्या आश्रमात गेले, तेथील प्रार्थनेला त्यांनी सांगीतिक शिस्त दिली, ‘आश्रम भजनावली’ संकलित केली आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते प्रत्यक्ष सहभागी झाले. रागदारीच्या तालमीत तयार झालेला गळा सामूहिक प्रार्थनेसाठी वापरला जाणे, यात अनेक रसिकांना कलेची हानी दिसेल. परंतु एका संगीतविद्यालयाने राष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाला याहून थेट असे काय द्यावे, हा प्रश्नही विचारता येईल.

या देणगीला दुसरी बाजू आहे. काँग्रेसच्या अधिवेशनांत विष्णु दिगंबर ‘वंदे मातरम्’ गात असत. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी गायनास आक्षेप घेतला, तरीही विष्णु दिगंबरांनी गीत पूर्ण केले. हा प्रसंग बाणेदारपणाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. मात्र राष्ट्राचे म्हणून जे गायचे त्याचा स्वर भक्तीचा, आणि तोही एका विशिष्ट परंपरेतील भक्तीचा, हे तोवर विद्यालयात ठरून गेलेले होते, हेही त्यातून दिसते. शृंगाराच्या बंदिशींचे शब्द शिक्षणातून बाजूस सारून तेथे भक्तिपर शब्द आणले गेले. मध्यमवर्गीय घरांतील मुली निःसंकोचपणे गाणे शिकू लागल्या त्या या शुद्धीकरणामुळेच, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या गणिकांनी आणि उस्तादांनी हे संगीत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्यांच्या पदरी या नव्या प्रतिष्ठेचा वाटा फारसा आला नाही.

जानकी बखले यांनी ‘टू मेन अँड म्यूझिक’ (२००५) या ग्रंथात हाच मुद्दा पलुस्कर व भातखंडे यांच्या संदर्भात विस्ताराने मांडला असून पर्यायी शक्यता म्हणून अब्दुल करीम खाँ यांच्या आर्य संगीत विद्यालयाकडे लक्ष वेधले आहे. हे विवेचन मोलाचे आहे; किंबहुना मराठीतील चरित्रपर लेखनाला त्याची गरजच होती. तथापि संस्थेच्या संस्थापकाची भूमिका म्हणजेच संस्थेचे फलित, असे समीकरण मांडणे धोक्याचे ठरते. विद्यालयातूनच बाहेर पडलेले प्रा. बा. र. देवधर यांनी १९२५ मध्ये मुंबईत स्वतःचे संगीतविद्यालय काढले. ते स्वतः सिंदे खाँसारख्या उस्तादांकडे शिकले, अनेक घराण्यांच्या बंदिशी त्यांनी जमविल्या, आणि त्यांच्याकडे वाढलेल्या कुमार गंधर्वांनी पुढे घराण्याची चौकटच ओलांडली. विद्यालयाने घडविलेला कान संस्थापकाच्या आवडीनिवडीपुरता बांधून राहिला नाही.

त्या कानाला खरा बंदिस्तपणा आला तो शासनामुळे. १९४६ मध्ये हंगामी सरकारात नभोवाणी खाते सरदार पटेलांकडे होते. ज्यांचे खासगी जीवन लोकापवादाचा विषय आहे अशांना आकाशवाणीवर स्थान देऊ नये, असा आदेश तेव्हा निघाला. १९५२ ते १९६२ या काळात त्याच खात्याचे मंत्री असलेले बा. वि. केसकर यांनी ध्वनिपरीक्षेची यंत्रणा उभी केली. तीत गायनाबरोबर रागशास्त्राची जाणही तपासली जाई, आणि लखनौच्या भातखंडे परंपरेतील श्री. ना. रातंजनकर यांच्यासारखे विद्वान परीक्षकाच्या आसनावर होते. आयुष्यभर मैफली गाजविलेल्या कलावंतांना रागाचे वादी-संवादी विचारले जावेत, ही कल्पना दरबारात संभवली नसती. ती वर्गातच जन्माला येऊ शकते.

वर्गातील या परीक्षेचा विस्तार कसा झाला, ते सर्वांस परिचित आहे. विद्यालयाची मुंबईतील इमारत १९२० च्या दशकात कर्जापायी गेली; विष्णु दिगंबरांचे २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे निधन झाले. त्याच वर्षी शिष्यांनी स्थापन केलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाने परीक्षांचे जाळे पसरविले. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या पायऱ्या आज तालुक्याच्या गावीही ठाऊक आहेत. या परीक्षांनी कानसेनांचे कार्य केले आहे. सवाई गंधर्व महोत्सवात पूर्वी रात्र रात्र बसणाऱ्या श्रोतृवर्गात कधीकाळी ‘प्रवेशिका’ दिलेले किती जण असतील याची मोजदाद कोणी केलेली नाही, पण ती मोठी असावी असे मानण्यास जागा आहे. दोष आहे तो अन्यत्र. श्रोत्यासाठी आखलेली पायरी कलावंताची पात्रता म्हणून वाचली जाऊ लागली. विशारद झालेला विद्यार्थी गाऊ शकतो, असे पालक मानतात. महाविद्यालयीन संगीत विभाग त्याच समजुतीवर प्रवेश देतात. आणि पदवी घेऊन तो पुन्हा प्रारंभिकचाच वर्ग काढतो. उपदेशक वर्ग गळून पडला, उरले ते क्रमिक पुस्तक.

कोलकात्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीस एका उद्योगसमूहाच्या आश्रयाने सुरू झालेल्या संगीत रिसर्च अकादमीने गुरू आणि शिष्य यांना एकाच आवारात राहण्याची सोय केली आणि पदवीपरीक्षेस गौण मानले. अजय चक्रवर्ती, रशीद खाँ ही नावे त्या आवाराशी निगडित आहेत. उपदेशक वर्गाची कल्पना अशा रीतीने परत आली. मात्र तेथे शिष्य मोजकेच, आणि खर्च पुन्हा एका आश्रयदात्याचा.