स्पर्शाकडून पडद्याकडे : दूरचित्रवाणीवर खेळल्या जाणाऱ्या स्मार्टफोन खेळांचा माध्यमांतर म्हणून विचार

प्रस्तावना

नाटकाचा चित्रपट झाला किंवा कादंबरीची मालिका झाली, की मराठी समीक्षा त्या घटनेकडे माध्यमांतर म्हणून पाहते. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९७१ साली सत्यदेव दुबे यांच्या दिग्दर्शनाखाली चित्रपटरूपात आले, तेव्हा रंगमंचाला जे जमले नसते असे कॅमेऱ्याने काय केले, हा प्रश्न स्वाभाविकच उपस्थित झाला. स्मार्टफोनसाठी रचलेला खेळ दूरचित्रवाणीच्या पडद्यावर नेला जातो तेव्हा मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही. खेळ तोच आहे, केवळ पडदा मोठा झाला, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक मूलतः विक्रेत्याचे आहे आणि समीक्षेने ते जसेच्या तसे स्वीकारण्याचे कारण नाही. स्मार्टफोनच्या खेळात स्पर्श हा आशयाचाच भाग असतो. पडदा बदलताच स्पर्श आणि प्रतिमा यांची फारकत होते आणि जी कृती उरते ती वेगळी असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

खेळ आणि दूरचित्रवाणी यांचा संबंध अर्थातच नवा नाही. १९७२ साली अमेरिकेत विक्रीस आलेला 'मॅग्नाव्हॉक्स ओडिसी' हा पहिला घरगुती संच दूरचित्रवाणीलाच जोडावा लागे. त्याच्यासोबत पारदर्शक रंगीत पट्ट्या मिळत आणि त्या काचेवर लावून खेळाचे मैदान तयार करावे लागे. आपल्याकडे १९९० च्या दशकात शहरांत व तालुक्यांच्या गावी कॅसेट घालून खेळायचे 'टीव्ही गेम' आले. त्यांच्या मर्यादा काहीही असोत, ते दुरून पाहण्यासाठी आणि हाती बटणांचा संच धरण्यासाठीच रचलेले होते. स्मार्टफोनच्या खेळाचा जन्म मात्र तळहातावर झाला आहे. त्याला पडद्यावर नेण्याचे मार्ग ढोबळमानाने तीन. फोनचे चित्र तारेने किंवा बिनतारी पद्धतीने जसेच्या तसे संचावर उमटवणे, ज्याला आपण स्क्रीन मिररिंग म्हणतो, हा पहिला. संचासाठी खेळाची स्वतंत्र आवृत्ती काढणे हा दुसरा. खेळ संचावर चालवून फोनला केवळ हातातील नियंत्रक बनवणे हा तिसरा. पहिला मार्ग सर्वांत सोपा आणि समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत फसवा आहे.

'मोठा' पडदा

फसवा का, हे साध्या भूमितीनेही दाखवता येते. अनेक स्मार्टफोन खेळ उभ्या चौकटीत रचलेले असतात. ९ : २० या प्रमाणाची उभी प्रतिमा १६ : ९ च्या आडव्या पडद्यावर पूर्ण उंचीने बसवली, तर ती पडद्याचे सुमारे २५ टक्केच क्षेत्र व्यापते. उरलेला तीन चतुर्थांश पडदा काळा राहतो. ५५ इंची संचावर ही प्रतिमा सुमारे ३१ सेंटिमीटर रुंद भरेल. अडीच मीटरवर बसलेल्या माणसाच्या डोळ्याशी ती सुमारे ७ अंशांचा कोन करते. सात सेंटिमीटर रुंदीचा फोन तीस सेंटिमीटरवर धरला, तर हाच कोन १३ अंशांहून अधिक भरतो. म्हणजे ज्या पडद्याला आपण मोठा म्हणतो त्यावर खेळ डोळ्याला प्रत्यक्षात निम्माच दिसतो. आडव्या खेळाचे गणितही फार वेगळे नाही. याच अंतरांवर फोनचा कोन सुमारे २९ अंशांचा, तर संचाचा २७ अंशांचा. मोठेपणा येथे खोलीच्या संदर्भात आहे, डोळ्याच्या संदर्भात नाही. एकाऐवजी पाच जणांना दिसणे एवढाच त्याचा अर्थ. ही गोष्ट क्षुल्लक नाही, पण ती दृश्यगुणाची नसून प्रेक्षकत्वाची आहे.

बिनतारी मिररिंगमध्ये विलंबाचाही प्रश्न असतो. फोन चित्र संकुचित करून पाठवतो, संच ते उलगडतो आणि त्यावर आपली प्रक्रिया करतो. यात दशांश सेकंद गेला, तरी सेकंदाला ६० चौकटी दाखवणाऱ्या खेळात तो सहा चौकटींचा विलंब ठरतो. तारेने जोडल्यास आणि संचावरील 'गेम मोड' लावल्यास हा विलंब पुष्कळ कमी होतो, म्हणून त्याला तांत्रिक अडचण मानून येथे बाजूस ठेवतो. विलंब शून्यावर आला तरी पुढील प्रश्न उरतोच.

पटाचे उभे होणे

'लुडो किंग' हा नवी मुंबईच्या गेमेशन या कंपनीचा खेळ २०१६ साली आला आणि २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पोहोचला. लुडो हे १८९६ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेले पचिसीचे रूप होय, त्यामुळे आपला सारीपाटच परदेशवारी करून फोनमध्ये परतला, असे म्हणता येईल. या खेळात एकाच फोनवर चौघांनी आळीपाळीने खेळण्याची सोय आहे. फोन चटईवर आडवा ठेवला जातो, चौघे चार बाजूंना बसतात आणि ज्याचा डाव तो फाशावर बोट टेकवतो. तंत्रज्ञान नवे असले तरी बैठक जुनीच आहे. पट 'मांडला' जातो, भिंतीवर लावला जात नाही. प्रत्येक रंगाचे घर आपापल्या खेळाडूच्या गुडघ्याजवळ असते आणि समोरच्याची सोंगटी मारताना हात त्याच्या बाजूला न्यावा लागतो.

हाच डाव दूरचित्रवाणीवर लावला की पट उभा होतो. चार बाजू संपतात आणि चौघेही एकाच बाजूला, कोचावर ओळीने बसतात. पूर्वी ते एकमेकांकडे पाहत होते, आता सगळे भिंतीकडे पाहतात. वरच्या कोपऱ्यातील हिरवे घर 'समोरच्याचे' राहत नाही, ते केवळ वर असते. फोन मात्र हातोहात फिरतच राहतो. परिणामी ज्याच्या हाती फोन त्याला दोन पट दिसतात आणि इतरांना एक. नियम, फासे, सोंगट्या यांपैकी काहीही बदललेले नाही. तरीही खेळाचे सामाजिक रूप पूर्ण पालटले आहे. डेन्मार्कचे खेळ-अभ्यासक येस्पर यूल यांनी 'अ कॅज्युअल रेव्होल्यूशन' या ग्रंथात खेळाडू प्रत्यक्ष बसतात ती जागा आणि पडद्यावरची जागा यांत भेद केला आहे. सारीपाटाच्या परंपरेत या दोन जागा एकच होत्या, हे त्यांच्या विवेचनाला जोडावेसे वाटते. फोनने ते ऐक्य अनपेक्षितपणे टिकवले होते, मोठ्या पडद्याने ते मोडले.

स्थाननिष्ठ स्पर्श

लंडनच्या असटू गेम्स या संस्थेचा 'मॉन्युमेंट व्हॅली' (२०१४) हा खेळ या चर्चेत कसोटीचे उदाहरण ठरतो. आयडा नावाची मूक राजकन्या अशक्य भूमितीच्या वास्तूंतून वाट काढते. एशरच्या चित्रांशी त्याचे नाते उघड आहे. दोन कडा नजरेला जुळलेल्या दिसल्या की त्या खरोखरच जुळतात, हा या जगाचा एकमेव नियम. तो समजण्यासाठी खेळाडूला वास्तूची मूठ बोटाने फिरवावी लागते. मूठ फिरते तसे स्वर उमटतात, स्तंभ सरकतात आणि नुकतीच दरी असलेल्या जागी पूल दिसू लागतो. येथे बोट आज्ञा देत नाही, ते वास्तूला धरते. डोळ्यांनी पाहिलेला भ्रम बोटाखाली खरा होणे हाच या कृतीचा अनुभव आहे. 'द बॉक्स' या प्रकरणात एक पेटी वेगवेगळ्या बाजूंनी उघडत जाते. तेथे आपण चित्र पाहत नसून हातातील दागिन्यांची डबी उघडत आहोत, असा प्रत्यय येतो, आणि त्यात फोनच्या आकारमानाचा वाटा मोठा आहे.

या खेळाची प्रत्येक चौकट भिंतीवर लावण्याजोगी असावी, अशी त्याचे रचनाकार केन वाँग यांची धारणा होती. मिररिंगमुळे ती चौकट खरोखरच भिंतीवर जाते, आणि नेमकी तेथेच अडचण सुरू होते. मूठ भिंतीवर आहे आणि बोट मांडीवरच्या काचेवर. काचेला उंचसखलपणा नसल्याने मूठ चाचपून सापडत नाही. खेळाडूला पुन्हा फोनकडेच पाहावे लागते. मग भिंतीवरचे चित्र इतरांसाठी उरते आणि खेळाडू स्वतःच्याच खेळाचा प्रक्षेपक बनतो. २०२२ साली संगणकासाठी काढलेल्या आवृत्तीत उभ्या चित्रांच्या दोन्ही बाजू वाढवून ती आडवी करण्यात आली आणि बोटाची जागा माऊसने घेतली. २०२५ साली हा खेळ गेमपॅडच्या संचांवरही आला. काळ्या पट्ट्या गेल्या, दृश्य देखणे झाले, तरी डबी उघडण्याचा प्रत्यय देखावा पाहण्याच्या प्रत्ययात रूपांतरित झाला. या रूपांतराला मी अपयश म्हणणार नाही. चांगले भाषांतरही मूळ नाद गमावतेच. परंतु ही 'सुधारित' आवृत्ती आहे, हे म्हणणे मान्य करता येत नाही.

यावरून एक भेद सुचतो. ज्या खेळात बोट प्रतिमेच्या विशिष्ट बिंदूवरच टेकावे लागते तेथील स्पर्शाला स्थाननिष्ठ म्हणावे. ज्यात बोट काचेवर कोठेही टेकले तरी चालते तो स्थाननिरपेक्ष. ऑस्ट्रेलियातील हिपस्टर व्हेलचा 'क्रॉसी रोड' (२०१४) हा दुसऱ्या प्रकारचा. टिचकी मारली की कोंबडी पुढे उडी घेते, बोट सरकवले की बाजूला. नजर काचेवर असण्याची गरजच नाही. म्हणून २०१५ साली अॅपल टीव्हीच्या नव्या संचासाठी तो दोन खेळाडूंच्या रूपात आला, तेव्हा साध्या रिमोटवरही सहज खेळता आला. पडद्यावर कोणता खेळ टिकेल, याचा अंदाज या भेदावरून बऱ्याच अंशी बांधता येतो.

मात्र स्थाननिष्ठ स्पर्शाला पडद्यावर जागाच नाही, असेही नाही. ऑस्ट्रेलियातल्याच हाफब्रिकचा 'फ्रूट निंजा' (२०१०) हा बोटाच्या फटकाऱ्याने फळे कापण्याचा खेळ. २०११ साली त्याची एक्सबॉक्स ३६० वरील किनेक्ट आवृत्ती आली. तीत फोन नव्हता आणि बटणेही नव्हती. कॅमेरा खेळाडूला पाहत असे, त्याची सावली पडद्यावर पडे आणि हाताच्या फटकाऱ्याने फळे चिरली जात. बोटाच्या जागी दंड आला, काचेच्या जागी खोलीतील हवा आली, आणि सावलीमुळे हात व प्रतिमा यांचे तुटलेले नाते पुन्हा जुळले. मूळ कृतीशी निष्ठा राखण्यासाठी मूळ साधन टाकावे लागते, ही माध्यमांतराची जुनी अट या आवृत्तीने पाळली. पुढे २०१७ साली किनेक्टचे उत्पादनच थांबले, याची खंत वाटते.

घराचा पडदा

मार्शल मॅक्लुहान यांनी 'अंडरस्टँडिंग मीडिया' (१९६४) मध्ये दूरचित्रवाणीला स्पर्शसंवेदनेशी जोडले होते. त्यांना अभिप्रेत असलेला संच आज राहिलेला नाही, आणि आपल्या बैठकीच्या खोलीत दूरचित्रवाणी हे स्पर्शापेक्षा अधिकाराचे माध्यम राहिले आहे, असे मला वाटते. रिमोट कोणाच्या हाती, यावर घरातील श्रेणी कळते. फोन त्या श्रेणीतून निसटलेला असतो. फोनवर खेळणारी मुलगी काय खेळते, किती वेळा हरते, हे कोणाला दिसत नाही. मिररिंग सुरू होताच तिचा डाव सर्वांसमोर येतो आणि डावाच्या मध्येच आलेल्या निरोपाची पट्टीही भिंतीवर झळकू शकते. कोणी सल्ला देतो, कोणी हसते. हरण्याचा जो एकांत फोनने दिला होता तो संपतो. 'सहकुटुंब खेळा' या आवाहनात ही बाजू कधीच येत नाही.

या दृष्टीने तिसरा मार्ग, म्हणजे फोनला नियंत्रक बनवणे, अधिक विचारपूर्वक आखलेला दिसतो. २०१४ पासूनच्या 'जॅकबॉक्स पार्टी पॅक' मालिकेत सामाईक प्रश्न मोठ्या पडद्यावर येतो आणि प्रत्येक जण आपले उत्तर आपल्या फोनवर गुपचूप लिहितो. नेटफ्लिक्सनेही २०२३ पासून दूरचित्रवाणीवरील खेळांसाठी फोनच नियंत्रक म्हणून वापरण्याचे प्रयोग केले. सार्वजनिक आणि खाजगी अशा दोन पृष्ठभागांची ही विभागणी पत्त्यांच्या डावाशी जुळते. हातातले पान आपले, टाकलेले पान सर्वांचे. माध्यमाची अडचण येथे रचनेचे तत्त्व झाली आहे.

उलट दिशेचा प्रवासही तपासला पाहिजे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : अॅन एन्शन्ट एपिक' २०२० साली प्रथम निन्टेंडो स्विचवर आणि नंतर इतर संचांवर आला. तो स्मार्टफोनवर आला २०२३ साली. काचेवर काढलेल्या आभासी बटणांवर अंगठे ठेवले, की राजस्थानी धाटणीच्या ज्या वास्तूंसाठी हा खेळ वाखाणला गेला त्यांचाच काही भाग झाकला जातो. पडदा लहान झाल्याने होणारी ही हानी आपल्याला लगेच जाणवते, पण तो मोठा झाल्याने होणारी हानी जाणवत नाही.

महाविद्यालयीन अध्यापनाशी याचा थेट संबंध आहे. माध्यम अभ्यासाच्या तासाला एखादा स्मार्टफोन खेळ प्रक्षेपकावर दाखवला, तर एक जण खेळतो आणि साठ जण पाहतात. त्या साठ जणांनी लिहिलेल्या परीक्षणात रंगसंगती येईल, वास्तू येईल, कथानक येईल. मूठ फिरवताना बोटाला काय वाटले, हे येणार नाही, कारण तो अनुभव त्यांना दिलाच गेलेला नाही. ते खेळाचे नव्हे, खेळाच्या चित्रफितीचे परीक्षण ठरते. चार फोन बाकांवर फिरवले तर तास थोडा विस्कळीत होईल, पण कृती मूळ रूपात हाती पडेल. काही महाविद्यालयांत आता स्पर्शफलक आले आहेत. त्यांवर बोट आणि प्रतिमा पुन्हा एकत्र येतात हे खरे, परंतु तेथे मूठ फिरवायला सबंध हात लागतो, आणि खेळणाऱ्या विद्यार्थ्याची पाठ वर्गाकडे असल्याने त्याचे बोट नेमके कोठे टेकले आहे, हे मागच्या बाकांना दिसत नाही.