पदवी म्हणजे कोणाचा शब्द?



गेल्या खेपेला एका श्रोत्याने विचारलं होतं, ऑनलाइन पदवीला नोकरीच्या बाजारात किंमत आहे का? आज तेवढाच प्रश्न घेऊ.

आधी नियम बघा. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष मानावी, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं. अभियांत्रिकी, वैद्यक असे अभ्यासक्रम मात्र या पद्धतीने करता येत नाहीत. म्हणजे कागदावर वाद मिटला.

आता मावळात या. आमच्या ओळखीची लोणावळ्याची एक मुलगी तळेगावच्या एमआयडीसीत पाळीत काम करते. लोकलमध्ये मोबाइलवर व्याख्यानं ऐकत तिने बी.कॉम. केलं. हिशेबनिसाच्या जागेसाठी मुलाखतीला गेली, तर पहिलाच प्रश्न: "ऑनलाइन का? कॉलेजात प्रवेश मिळाला नाही का?" जमाखर्चाबद्दल एक अक्षर नाही!

न्यायदर्शनात चार प्रमाणं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं वचन, ज्याला माहीत आहे आणि जो खरं सांगतो त्याचं. पदवी हे शब्दप्रमाण. 'आम्ही हिला तपासलं आहे', असं विद्यापीठ सांगतं. सांगणारा आप्त आहे का, ही शंका मालकाने जरूर घ्यावी. आयोगाला बोगस विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करावी लागते, ती काही उगाच नाही. घरबसल्या दिलेल्या परीक्षेत उत्तरं कोणी लिहिली, हाही रास्त प्रश्न आहे.

पण 'ऑनलाइन शिकली, म्हणून कच्ची' हे झालं अनुमान, आणि तेही सदोष. आग दिसली म्हणून धूर असेलच, असं म्हणण्यासारखं. तापलेल्या लोखंडात आग असते, धूर कुठे असतो? नैयायिक याला सव्यभिचार हेतू म्हणतात. उलट बाजूही बघा. आम्ही आयुष्यभर वर्गात हजेरी घेतली. हजेरी लावून चहाच्या टपरीवर बसणारे आमच्याच हातून पास झाले, हे कबूल केलं पाहिजे. त्यांना कोणी विचारत नाही, "कॉलेजात का शिकलात?"

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालं ते वर्गात येऊ न शकणाऱ्यांसाठीच. नोकरी, घर सांभाळून शिकणं हा मालकाच्या लेखी गुण असायला हवा. तो डाग कसा ठरतो?

शब्दावर विश्वास नसेल, तर प्रत्यक्षाकडे जा. याच तळेगावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. काच फुंकणाऱ्याची परीक्षा त्याच्या हातातल्या कामावरूनच व्हायची. तसं त्या मुलीपुढे रोजकीर्द आणि बँकेचं पासबुक ठेवा, अर्ध्या तासात ताळमेळ लावायला सांगा. आला तर आला, नाही तर नाही. मग नकारसुद्धा न्याय्य ठरेल.

विद्यापीठांनी परीक्षा चोख घ्याव्यात, नाहीतर त्यांचा शब्द त्यांनीच पातळ केला असं होईल. आणि मुलांनो, फी भरण्याआधी त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षी मान्यता आहे ना, एवढं आयोगाच्या यादीत बघून घ्या.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.