'२५ अंश, ६० टक्के आर्द्रता': एका ओळीची उलटतपासणी

वनस्पतींवरचा कुठलाही प्रायोगिक शोधनिबंध उघडा आणि 'साहित्य व पद्धती' या भागात जा. रोपं ग्रोथ चेंबरमध्ये वाढवली असतील, तर एक ओळ हमखास सापडेल: 'रोपे २५ अंश सेल्सिअस, ६० टक्के सापेक्ष आर्द्रता, १६ तास प्रकाश व ८ तास अंधार अशा स्थितीत वाढवली.' झालं. पुढची दहा पानं जनुकं, प्रथिनं आणि आलेख. ही ओळ एका निबंधातून दुसऱ्यात जशीच्या तशी जाते आणि वाचणाऱ्याची नजर तिच्यावरून घसरते. आज तिच्यावरच थांबूया, कारण पुढच्या दहा पानांचा भार तिच्यावर असतो.

आधी पेटी कशी चालते ते बघू. ग्रोथ चेंबर म्हणजे ढोबळमानाने एक मोठा फ्रीज, ज्याच्यात हीटर आणि दिवे आहेत. तापमान स्थिर ठेवायला बहुतेक चेंबरमध्ये कॉम्प्रेसर आणि हीटर एकमेकांविरुद्ध चालतात. एक थंड करतो, दुसरा तापवतो, आणि कंट्रोलर सेन्सरचा आकडा बघून दोघांमधला तोल सांभाळतो. (विजेचं बिल भरणाऱ्यांना हे वाचून घेरी येईल.) आर्द्रता वाढवायला वाफ किंवा बारीक तुषार सोडतात. कमी करायची तर हवा थंड कॉइलवरून नेतात, म्हणजे बाष्प तिथेच पाणी होऊन गळतं. पंखा हवा फिरवत राहतो. कार्बन डायऑक्साइड मोजायला अवरक्त किरणांवर चालणारा सेन्सर असतो. वायू वाढवायचा तर सिलिंडर, कमी करायचा तर सोडा लाइममधून हवा गाळायची. आणि एक गंमत: आपल्या उच्छ्वासात साधारण ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळपास शंभरपट. छोट्या चेंबरमध्ये उभं राहून अर्धा तास कुंड्यांना पाणी घालणारा विद्यार्थी हासुद्धा प्रयोगाचा एक घटक असतो. त्याचा उल्लेख मात्र कुठेच सापडत नाही.

आता मुद्दा. त्या ओळीतला '२५ अंश' हा कंट्रोलरला दिलेला हुकूम आहे. हुकूम कितपत पाळला गेला, हे सेन्सर जिथे बसवलाय तिथल्या हवेपुरतं कळतं. पान कुठे आहे? दिव्यांखाली. प्रखर प्रकाशात पान भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी गरम असू शकतं, आणि भरपूर बाष्पोत्सर्जन चालू असेल तर थंडही. मुळं काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत, त्यांचं तापमान तिसरंच. कोपऱ्यातल्या कुंडीला मधल्या कुंडीइतका उजेड मिळत नाही. एका आकड्यात हे सगळं मावत नाही. मावणार नाही हे मान्यच, पण निदान पानाजवळ मोजलं का, एवढं तरी सांगा.

यापेक्षा मला जास्त खटकतात ते आर्द्रतेचे ६० टक्के. समजा उष्णतेचा परिणाम अभ्यासायचाय. एक चेंबर २५ अंशांवर, दुसरा ३५ वर, दोन्हीकडे आर्द्रता ६० टक्के. दिसायला किती न्याय्य! पण गरम हवेत बाष्प जास्त मावतं. २५ अंशांना संपृक्त बाष्पदाब सुमारे ३.१७ किलोपास्कल असतो, ३५ अंशांना ५.६२. दोन्हीकडे ६० टक्के धरले, तर हवेची 'तहान', म्हणजे बाष्पदाबातली तूट, पहिल्या चेंबरमध्ये १.२७ आणि दुसऱ्यात २.२५ किलोपास्कल येते. जवळजवळ पावणेदोनपट! दुसऱ्या चेंबरमधल्या रोपाला उष्णतेसोबत कोरड्या हवेचाही मार बसतोय. ते पर्णरंध्रं मिटून घेतं, प्रकाशसंश्लेषण घटतं, आणि निबंधात लिहिलं जातं, 'उष्णतेमुळे प्रकाशसंश्लेषण घटले.' तहान सारखी ठेवायची तर ३५ अंशांना आर्द्रता ७७ टक्क्यांच्या आसपास हवी. हे गणित बारावीच्या भौतिकशास्त्राचं आहे, तरी असे निबंध मला अजून नियमित वाचायला मिळतात.

मग येतो संख्येचा प्रश्न. एका चेंबरमध्ये ४० कुंड्या, दुसऱ्यात ४०, आणि संख्याशास्त्रात लिहिलेलं असतं, नमुने ४०. पण तापमान कुंडीला दिलेलं नाही, चेंबरला दिलंय. एकाच पातेल्यातली आमटी चाळीस चमच्यांनी चाखली, तर चाळीस घरांची चव कळत नाही. इथे खरी नमुनासंख्या आहे १. दुसऱ्या चेंबरचा पंखा जोरात असेल किंवा दिवे जुने असतील, तर तो फरकही तापमानाच्या खात्यात जमा होतो. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये परिसरशास्त्रातले १७६ प्रकाशित प्रयोग तपासून ही चूक नावानिशी दाखवली होती. ज्यांनी संख्याशास्त्रीय चाचण्या वापरल्या होत्या, त्यांतल्या ४८ टक्क्यांमध्ये ती सापडली. चाळीस वर्षं झाली. नाव सगळ्यांना पाठ आहे, चूकही चालूच आहे.

'एवढं काय बिघडतं?' असं विचाराल, तर २०१० मध्ये 'प्लँट फिजिऑलॉजी'त आलेला एक अभ्यास वाचाच. मासोने आणि सहकाऱ्यांनी अरॅबिडॉप्सिसचे तीन वाण दहा प्रयोगशाळांमध्ये एकाच तपशीलवार कार्यपद्धतीने वाढवले. चार प्रयोगशाळांच्या पानांची वाढ एकमेकींशी जुळली. बाकी काहींमध्ये फरक पडला, आणि काही ठिकाणी तर वाणांचा क्रमच बदलला. एका शहरात 'क' वाण मोठ्या पानांचा, दुसऱ्या शहरात 'ख'! लेखकांनी बोट ठेवलं ते मुख्यतः प्रकाशाच्या गुणवत्तेतल्या लहान फरकांवर आणि रोपं हाताळण्याच्या पद्धतीवर. हा निबंध मला आवडतो तो त्यातल्या प्रामाणिकपणामुळे. मात्र त्याचा शेवट मला जरा मवाळ वाटतो. चार प्रयोगशाळा जुळल्या, म्हणजे प्रमाणीकरण शक्य आहे, असा दिलासा ते देतात. इतकी काटेकोर पद्धत हातात असूनही उरलेल्या सहा त्या गटात बसल्या नाहीत, यावर त्यांनी जास्त रेंगाळायला हवं होतं.

हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता राहत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की पिकांचं उत्पादन किती वाढेल, याचे आकडे अन्नसुरक्षेच्या अंदाजांमध्ये जातात. जुने आकडे मुख्यतः बंदिस्त प्रयोगांतून आलेले होते: चेंबर, हरितगृहं, वरून उघडे कक्ष. २००६ मध्ये स्टीफन लाँग आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं, की उघड्या शेतात नळ्यांच्या वर्तुळातून वायू सोडून केलेल्या प्रयोगांत (यांना 'फेस' म्हणतात) ही वाढ बंदिस्त प्रयोगांच्या जवळपास निम्मीच दिसते. त्यात सोयाबीनही होतं. मराठवाडा-विदर्भात सोयाबीनवर घर चालवणाऱ्यांसाठी हा निम्म्याचा फरक कागदावरचा नाही.

लगेच प्रतिवाद आला. टुबिएलो आणि इतरांनी २००७ मध्ये म्हटलं, की दोन्हीकडची वायूची पातळी वेगळी होती, ती समान धरली तर फरक फारसा उरत नाही. शिवाय उघड्या शेतात वाऱ्यासरशी वायूचं प्रमाण क्षणाक्षणाला हलतं, त्यामुळे 'फेस'ही निर्दोष नाही. मला या वादात लाँग यांचं पारडं जड वाटतं. पण 'शेत खरं, पेटी खोटी' असा जो अर्थ नंतर काढला गेला, तो मला पटत नाही. पेटीत रोपाला मिळणारा प्रकाश, कुंडीतली माती, वारा, सगळंच वेगळं असतं. निव्वळ कुंडीचंच घ्या: पोर्टर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं, की कुंडीचं आकारमान दुप्पट केलं तर रोपाचं वजन सरासरी ४३ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे 'चेंबरचा परिणाम' म्हणून आपण जे मोजतो, त्यातला काही भाग कुंडीचाच असतो.

पेटीचा खरा उपयोग कारण शोधण्याचा आहे. फ्रिट्स वेंट यांनी कॅलिफोर्नियात नियंत्रित हवेच्या हरितगृहांमध्ये टोमॅटो वाढवले आणि फळ धरण्यावर रात्रीच्या तापमानाचा प्रभाव दाखवला. शेतात रात्र आणि दिवस वेगळे करून बघणार कसे? १९४९ मध्ये तिथे फायटोट्रॉन उभा राहिला, हे नाव सायक्लोट्रॉनच्या चालीवर आलेलं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत राष्ट्रीय फायटोट्रॉन १९९७ पासून आहे. 'स्पीड ब्रीडिंग'मध्ये रोज २२ तास उजेड देऊन वसंत गव्हाच्या वर्षाला सहापर्यंत पिढ्या घेता येतात. तिथे शेताची हुबेहूब नक्कल कुणालाच नको असते. पिढी लवकर हवी असते, आणि ती मिळते. भांडण सुरू होतं ते पेटीतला टक्केवारीचा आकडा उचलून थेट हेक्टरी क्विंटलमध्ये बसवला की.

औषध कंपन्यांकडेही असेच चेंबर असतात. गोळ्या लवकर खराब होतात का, हे तपासायला त्या ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवतात. तिथे तापमानात २ अंशांची आणि आर्द्रतेत ५ टक्क्यांची सूट ठरलेली आहे. चेंबरच्या कोपऱ्याकोपऱ्यात सेन्सर ठेवून नकाशा काढतात, नोंदी जपून ठेवतात, तपासणीला कुणी आलं की दाखवतात. गोळीला जे मिळतं ते रोपाला का मिळू नये? विद्यापीठात पैसा नसतो हे मी रोज बघते, पण तापमान-आर्द्रता नोंदवणारे छोटे लॉगर आज परवडतात. दोन कुंड्यांच्या मधे, पानांच्या उंचीवर एक टांगायचा. वीज गेली तर किती वेळ गेली आणि तेवढ्यात पारा कुठे पोचला, हेही त्यात आपोआप येतं. दोनच चेंबर असतील तर प्रयोग पुन्हा करायचा आणि दुसऱ्या खेपेला चेंबरांची अदलाबदल करायची. वेळ दुप्पट लागतो, मार्गदर्शक कुरकुरतात, प्रबंधाची तारीख पुढे जाते. पण 'नमुने ४०' लिहिण्यापेक्षा 'दोन खेपा, दोन चेंबर, अदलाबदल करून' असं लिहिलेला निबंध समोर आला, की मी त्याचे आलेख जास्त विश्वासाने बघते.